कुठल्या घरी?

माप घेताना मुलं श्वास रोखून धरतात,
जणू श्वासाबरोबर उंचीही निसटेल.
"टाच भिंतीला," मी म्हणते, "हनुवटी खाली,"
आणि लाकडी पट्टी डोक्यावर टेकवते.
बावीस वर्षं हेच.
वाल्पाराइसोच्या टेकड्यांवरच्या सात शाळा,
खाली बंदर, वर कुत्र्यांचं भुंकणं.

यंदा नवा तक्ता आलाय.
कुटुंब: दोन्ही पालक. एक पालक. इतर.
व्यायाम: रोज. कधीकधी. नाही.
चौकोनात फुली मारायची आणि पुढचं मूल बोलवायचं.

मिलाराय, वय नऊ.
"घरी कोण कोण असतं?"
"कुठल्या घरी?"
सोमवार ते गुरुवार आई, मावशी, मावशीचे जुळे,
आणि शिट्टी वाजवत भांडी घासणारा एक भाडेकरू.
शुक्रवारपासून बाबा, बाबांची रोसाउरा,
आणि नवं बाळ. "त्याला माझं नाक आलंय."
मी 'इतर'वर पेन टेकवते.
उचलते.

"कुठला खेळ खेळतेस?"
"कुठलाच नाही," जरा ओशाळून.
गुडघ्यांवर दोन खपल्या, एक वाळलेली, एक ओली.
आणि पोटऱ्या!
अशा पोटऱ्या मी मासे उतरवणाऱ्या हमालांच्याच पाहिल्यात.
"आईचं घर कुठे?"
ती छताकडे बोट दाखवते.
"बाबांचं?"
जमिनीकडे.
मध्ये दोनशे शहाऐंशी पायऱ्या.
तारेवरची लाकडी लिफ्ट कधीची बंद,
दारावर दुरुस्तीची पाटी, पाटीवर गंज.

बाकाखाली बुटांचा खोका, झाकणाला भोकं.
"कासव आहे," ती सांगते.
"आईबाबांच्या वाटण्या झाल्या ना,
तेव्हा याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

तिच्या जुन्या नोंदी काढते.
सातव्या वर्षी रेघ आडवी पडलीये:
मार्च ते ऑगस्ट, चार मिलिमीटर.
मीच लिहिलेत हे आकडे, माझंच अक्षर.
तेव्हा मी काय विचारलं होतं तिला?
बहुधा, "दूध पितेस ना?"

मग बाल्तासार.
दोन्ही पालक. फुली आपसूक पडते.
नव्या टॉवरचा चौदावा मजला, दाराला दोन कुलपं,
आम्ही येईस्तोवर उघडायचं नाही.
आधी तो सोफ्यावरून पलंगावर उड्या मारायचा.
खालच्या मजल्यावरून तक्रार आली.
आता खिडकीतून जहाजं मोजतो,
कुठलं कुठल्या देशाचं, झेंड्यावरून ओळखतो.
काट्यावर उभा राहताना चपला काढतो,
मग मोजे, मग घड्याळ.
मी छातीला नळी लावते तेव्हा हळूच विचारतो,
"जोरात पळाल्यावर इथे जे धडधडतं,
ते चांगलं असतं का?"

चांगलं असतं, बाळा.
हे लिहायला तक्त्यात जागा नाही.

मी मामाच्या बेकरीत वाढले.
आई कुठे गेली, कुणी सांगितलं नाही.
पहाटे पीठ मळायचं, ट्रे उचलायचे.
माझी उंची कुणी कधी मोजली नाही,
खांदे मात्र असे झाले
की लग्नाचा झगा दोनदा उसवावा लागला.
माझी फुली कुठे पडली असती?
रोज, नाही, इतर?

संध्याकाळी जिना चढते.
एकशे दहाव्या पायरीला उजवा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो.
मागून धाप, पाठीवर दप्तर, काखेत खोका,
ओठांवर आकडे: एकशे बारा, एकशे तेरा,
आणि ती माझ्या बाजूने वर निघून जाते,
न थांबता, न बघता, आकडा चुकेल म्हणून.

वळणावर मात्र उभी असते.
"मी तुमच्यासाठी थांबले नाहीये," ती म्हणते,
"कासव दमलंय."
खोक्यात हालचाल नाही.
मी कठड्याला टेकते.
पिशवीतल्या तक्त्यावर तिचे दोन्ही रकाने कोरे.
खाली बंदरात एक जहाज भोंगा देतं.
चौदाव्या मजल्यावर त्याचा झेंडा
कुणीतरी ओळखला असेल.
"चला," ती म्हणते, "किती झाल्या होत्या?"