मूळ फाईल

कडबी चौकातून आत, टिनाच्या शेडखाली
दुपारी दोनला शेहेचाळीस.
लॅपटॉप ओल्या पंचावर, कूलरच्या तोंडाशी,
शेजारी तो डबा, झाकणाचे स्क्रू काढलेला,
पोळ्यांच्या डब्याएवढाही नाही.

साठवणेकाकांना हेच पटत नाही,
की इंजिन बसून चार दिवस झाले, माउंट जुळले,
गिअरबॉक्सचं लग्न लागलं, स्टार्टर फिरतो,
आणि गाडी एवढ्याशा डब्यासाठी अडून बसली आहे.
"काय करून राहिली वं पोरी?
मघापासून नुसती पाहूनच राहिली."

पाहतेच आहे, काका.
एस्टीम तुमची नव्याण्णवची,
खापरखेड्याच्या पॉवर हाऊसला रोज नेलेली,
दाराच्या फटीत अजून तिथली राख.
इंजिन मात्र बुटीबोरीजवळ चेपलेल्या स्विफ्टचं.
घर बदललं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.
इग्निशन दिलं की ते हाका मारत सुटतं:
एबीएस?
एअरबॅग?
आणि चावी, तीच ती,
जिच्या प्लास्टिकात तांदळाएवढी चिप होती.
ओ देणारं कोणी नाही.
दोन सेकंद पेटतं,
मग आपलं आपण विझतं.

लहानूजी मिस्त्री बिडी कानाला खोचून म्हणतात,
"कार्बोरेटर असता तं अर्ध्या आट्यात बोलला असता."
असता. मान्य.

वाचायला अकरा मिनिटं लागतात.
मूळ फाईल आधी ठेवायची, हात मग लावायचा,
एवढा एकच नियम मी पाळते, बाकी सगळे मोडते.
मग फॉल्टची यादी.
बरेचसे वायरी तोडल्यानंतरचे, ते माझेच.
तळाशी एक जुना:
क्रॅश सिग्नल, इंधन बंद.
आणि त्याच्याखाली त्या क्षणाचे आकडे, जसेच्या तसे.
वेग एक्क्याण्णव.
पाणी अठ्ठ्याऐंशी अंश.
फेरे दोन हजार सहाशे.
थ्रॉटल शून्य.
ब्रेक दाबलेला.

शून्य.
म्हणजे पाय उचलला होता.
म्हणजे दिसलं होतं काहीतरी,
आणि पायाला कळायला वेळ मिळाला होता,
गाडीला मिळाला नाही.

भंगारवाल्या इसराईलला फोन लावला.
चालवणारा वाचला का रे?
"ताई, इंजिनला काहीच नाही झालं.
ब्लॉक पाहा ना, एकदम टनाटन."

बरं.

चावीची अट काढली.
एअरबॅगच्या रकान्यात नाही. एबीएसच्या रकान्यात नाही.
फॅन अठ्ठ्याण्णवला लागायचा, तो ब्याण्णववर आणला,
हे जिथं कुठं ठरवलं असेल
तिथं मे महिना पाहिलेला नसावा.
शेवटी चेकसम,
तो जुळला नाही तर डबा कायमचा मुका.
लिहून होईस्तोवर लाईट जाऊ नये
म्हणून बॅटरीला दुसरी बॅटरी जोडली,
आणि तेवढा वेळ कोणाला कूलरलाही हात लावू दिला नाही.

"फॉल्ट पुसायचे?" स्क्रीनवर.
हो.

चार वाजून दहा मिनिटांनी पेटलं,
आणि पेटलेलं राहिलं.
लहानूजींनी लांब पेचकस ब्लॉकला टेकवून
दांडा कानाशी धरला, डोळे मिटले.
"तीन नंबर जरासा रुसून हाये. येईन वळणावर."
काका: "एव्हरेज किती देईन?"
मी म्हटलं, आधी आरटीओत नवा इंजिन नंबर चढवून घ्या.

ते मानकापूरकडे चक्कर मारायला गेले तेव्हा
मूळ फाईलला नाव द्यायचं राहिलं होतं.
गिऱ्हाइकाचं नाव टाकते मी नेहमी, पुढे तारीख.
साठवणे असं लिहिलं, खोडलं.
ती फाईल त्यांची नव्हती.
आकडेच टाकले शेवटी: एक्क्याण्णव, शून्य.
पाचशे बारा केबी. ठेवायला जागा लागत नाही.

काका परत आले, शर्ट पाठीला चिकटलेला, दात दिसतायत.
"पिकप लय हाये वं! जपून चालवा लागन."
हो काका.
आणि फॅन लवकर सुरू होईल,
आवाज आला तर घाबरू नका.