काट्यावर दोन मिनिटं

वर्धा रोड, विमानतळाच्या अलीकडे. सरळ रस्ता,
साठचा वेग, पुढे कोणी नाही,
आणि गाडीने स्वतःहून डावं चाक धरलं.
कट् कट् कट्,
पायाखाली कोणी सुपारी कातरावी तसं.
समोर पिवळा दिवा:
इवलीशी गाडी, तिच्यामागे दोन वळवळत्या रेघा.
मी घसरत नव्हते.
मागे मठ्ठ्याचे चार कॅन होते,
त्यांतला एकही कलला नव्हता.

शोरूममध्ये आधी पाणी विचारलं,
मग एक आकडा सांगितला.
तेवढ्यात माझी अख्खी लग्नसराई बुडते.
"बारा वर्षांची आहे मॅडम," तो मुलगा म्हणाला,
दवाखान्यात म्हणतात तसं, वयही झालंय ना आता.

जगनाडे चौकातल्या गुलाब पौनीकरने
बोनेट उघडलंच नाही. एक चक्कर मारून आला.
"गाडी घसरून नाही रायली, ताई.
तिले वाटून रायलं का घसरून रायली."
गिअरजवळचं झाकण काढून, कोपरापर्यंत हात घालून
त्याने काडेपेटीएवढी एक डबी ओढली.
पिना हिरव्या. कडेला पांढरं, वाळलेलं काहीतरी.
नाकाशी नेलं.
"मठ्ठा?"

मी बोलले नाही.
दोन वर्षांपूर्वीचा मे, मानेवाड्याचा रिंग रोड,
सिमेंटवर सांडलेली वाळू, सायकलवर पोरगा.
मी स्टिअरिंग फिरवलं
आणि गाडीचा मागचा भाग माझं न ऐकता निघून चालला.
तेव्हाही हाच आवाज, कट् कट् कट्,
आणि कुणीतरी खांद्याला धरून सरळ उभं केलं मला.
पोरगा शिवी देऊन गेला.
एक कॅन आडवा झाला होता.
घरी येऊन सीट पुसली, मॅट गच्चीवर टाकले,
जिऱ्याचा वास आठ दिवस राहिला.
ज्याने वाचवलं त्याच्यावर काय झिरपतंय
हे बघायचं कुठे ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी गुलाबने भंगारातून दुसरी आणली,
बुटीबोरीला उलटलेल्या गाडीची.
"चालवणाऱ्याचं काय झालं?"
"ते मले नका इचारू जी. डबी चांगली हाय."
मला ती हातात घेववेना.
हिने खरं घसरणं पाहिलं होतं,
शेवटपर्यंत.

"आता सपाट जागा पाह्यजे. बिलकुल सपाट.
तिथं हिले सांगा लागते, हे शून्य."
त्याने अर्धी बाटली डॅशबोर्डवर आडवी ठेवली.
त्याच्या गल्लीत बुडबुडा पुढे पळाला.
शाळेच्या मैदानात डावीकडे.
माझ्या दारात, जिथे नऊ वर्षं गाडी उभी करते,
तिथे तो सरळ मागच्या टोकाला.
शेवटी कळमना. त्याच्या साळ्याचा धर्मकाटा.
मिरचीचे दोन ट्रक थांबवून आम्हाला चढवलं,
आणि बुडबुडा मधोमध येऊन बसला.

"इंजिन चालू. ब्रेक सोडा. स्टिअरिंग सरळ.
दोन मिनिटं कोणी हालू नका."
लॅपटॉप मांडीवर, गुलाब शिंक दाबून बसलेला.
खोलीच्या काचेतून लाल आकडे दिसत होते: १३२०.
मी श्वास घेतला, तरी आकडा हलला नाही.
बाहेर सेहेचाळीस, एसी बंद,
भुवईवरून घाम डोळ्यात उतरला. पुसला नाही.
डाव्या हाताला कुठेतरी हमाल हसत होते.
हल, धाव, आटप, पोचव, हे सगळ्यांनी सांगितलं;
हालू नका, असं
मला वाटतं पहिल्यांदाच कोणी म्हटलं.

दिवा गेला.
गुलाबने अठराशे घेतले.
साळ्याने काट्याची पावती फाडून दिली, मी नको म्हटलं तरी:
वजन १३२०, माल निरंक.

रिंग रोडला त्या जागी उगीच वेग कमी केला.
वाळू नव्हती.

आज चार कॅन आहेत, झाकणांना सुतळी.
चावी फिरवली की ती इवलीशी गाडी
रेघा ओढत क्षणभर उजळते, मग विझते.
ती विझेपर्यंत
मी गिअर टाकत नाही.