अर्धा नॉट

ओहोटीने टिटवीला चिखलावर बसवलं
सकाळी सव्वानऊला.
दोन्ही बाजूंनी बल्ल्या, कुशीखाली जुने टायर,
ससून डॉकच्या पाठीमागे, जिथे सोड्यांचा वास
कपड्यांत शिरतो नि तीन धुण्यांनीही निघत नाही.
पाणी परत यायला साडेचार तास.
शर्फुद्दीन परकारांनी मनगटावरचं घड्याळ काढून
टोपीत ठेवलं, टोपी डबीवर.

केरसी उलट्या बालदीवर,
डोक्याला चौकडीचा रुमाल, पुन्हा तोच हिशेब:
'दोन लाख दहा हजार. अर्ध्या नॉटसाठी.
मांडव्याला पंधरा मिनिटं आधी पोचून
तू करणार काय?'
मला उत्तर आलं नाही.

जुना पंखा तीन पात्यांचा, घट्ट ओतलेला.
इंजिन चालू असताना गुणी.
पण शीड भरलं, इंजिन बंद केलं,
की हा मागे पाण्यात अडून बसायचा,
लग्नघरातून निघताना सगळे रिक्षात बसले तरी
दारात बोलत उभ्या राहिलेल्या आत्यासारखा.

नट हलेना. बारा वर्षांचं मीठ.
परकारांनी ब्लोटॉर्च लावला.
तापल्या ग्रीसचा, भाजलेल्या कालवांचा वास,
आणि ते काहीतरी पुटपुटले,
बिस्मिल्ला की शिवी, कळलं नाही.
नट सुटला, मग पुलर आवळला. पाव फेरा. थांब. पाव फेरा.
मग ठो झालं, किनाऱ्यावरचे बगळे उडाले,
आणि पंखा त्यांच्या मांडीत येऊन पडला
गरमच.

नवा खोक्यातून निघाला तो तेलकट, अंग चोरून.
पाती बोटाने फिरतात.
शाफ्ट ढकलतोय तोवर रुंद, छाती काढून;
शाफ्ट थांबला की वळतात,
पाण्याला नुसती धार दाखवतात.
परकार हसले. 'गोदीत एकतीस वर्षं काढली.
आमचे फोरमन याच्या उलट.
काम आलं की धार दाखवायचे.'

निळी शाई लावून बूड बसवून पाहिलं, काढलं,
घासलं, परत बसवलं. तीनदा.
चावी, नट, पिन.
ग्रीस भरलं, पात्यांच्या मुळाशी डोकावेपर्यंत.
तोवर पाणी घोट्याला लागलं होतं
आणि केरसीची बालदी तरंगायच्या बेतात.

जुना परकारांनी मागून घेतला,
दिघीच्या भाच्याच्या होडीसाठी.
'तिला शीडच नाही. तिला मिटणारी पाती कशाला?'
गोणपाटात गुंडाळून, बाळ न्यावं तसा
खांद्याला लावून घेऊन गेले.

रविवारी दुपारी उत्तर-पश्चिमेचा वारा धरला,
बारापंधरा नॉट, पाण्यावर पांढरं फुटत होतं.
सनक रॉकच्या पलीकडे इंजिन बंद केलं.
आणि काहीतरी मोडलं असं वाटलं.
केरसीनेही मान वर केली.

गुणगुण नव्हती.
बारा वर्षं इंजिन बंद झालं की
फळ्यांखालून येणारा तो बारीक सूर,
मी त्याला समुद्र समजायचो.
पाहुण्यांना सांगायचो, ऐका,
बोट गाते आपली.
गात कसली होती. फरफटत होता तो पंखा,
पाण्याने फिरवला म्हणून फिरत.

केरसीने जीपीएस डोळ्याशी धरला.
चार पॉइंट सहा असायचा तिथे चार पॉइंट नऊ.
'अर्धासुद्धा नाही,' तो म्हणाला,
आणि डायरीत भागाकार मांडला.

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
दोर डोलकाठीवर आपटत होता.
बुडाखालून पाणी जात होतं, रेशीम फाडल्यासारखं.
आणि आणखी एक आवाज,
आधी वाटलं कप्पी कोरडी पडली,
तेलाची कुपी शोधायला उठलोही.
तो केरसीच्या छातीतून येत होता.
श्वास आत जाताना नाही,
बाहेर येताना, शेवटी शेवटी, शिट्टी.

मांडवा आठ मिनिटं आधी आला.
नांगर टाकला. शीड उतरवलं नाही, फडफडू दिलं.
'केव्हापासून?' मी विचारलं.
त्याने डायरी मिटली,
रुमाल काढून पिळला, कोरडाच होता,
आणि बोटांवर महिने मोजायला लागला.