धडा

गुरुवारी दुपारी गल्ल्यावर मी असते.
चार तास उभं राहायचं, बदल्यात वाणसामानावर दहा टक्के सूट.
बाहेर उणे एकोणीस.
दार उघडलं की थंडी आधी आत येते,
गिऱ्हाईक मागून.

ऑर्विल स्कार्स्टाड आला तो पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून.
खोक्यात पाच रिकाम्या बरण्या, लोणच्याच्या,
आणि फोनवर ऐकून उतरवलेली यादी.
टेंपेच्या जागी त्यानं लिहिलं होतं टेंपर.
'हे आहे का तुमच्याकडे?'
आहे, म्हटलं, शीतकपाटात, खालच्या फळीवर.

ओटच्या दुधाचा डबा त्यानं उलटसुलट करून वाचला,
गाय विकत घेताना दात बघावेत तसा.
'चाळीस वर्षं मी गायींना ओट घातले,
दूध मिळावं म्हणून.
आता यांनी मधली गायच काढून टाकली.'
हसावं की नाही, मला कळेना.
तो हसला नव्हता.

शनिवारी ब्रिट येणार, नात.
चार दिवस राहणार.
'मागच्या नाताळात ती नुसत्या बटाट्यांवर जेवून उठली,'
काबुली चण्यांच्या पिंपासमोर उभा राहून तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.
'बटाट्यांत लोणी होतं.
तिनं विचारलं होतं.
मी नाही म्हणालो.'

यावर काय बोलायचं असतं?
मी बरण्या मागून घेतल्या.
आधी धडा करू, म्हटलं,
रिकामी बरणी तोलायची, आकडा झाकणावर लिहायचा,
म्हणजे काचेचे पैसे पडत नाहीत.
'ठाऊक आहे,' तो म्हणाला. 'इथंच करायचे.
दुधाच्या कॅनचा.'

इथं?

मग त्यानं हात पसरून दाखवलं:
जिथं तुळशीसारख्या त्या बेझिलच्या कुंड्या आहेत
तिथून कॅन आत यायचे, पहाटे पाचला.
बदामांच्या जागी तराजू.
यीस्टचे पिवळे पापुद्रे ठेवलेत तिथं
एक बाई बसायची, दुधाचा वास घेऊन
नासकं कुठलं ते सांगायची,
तिचा शब्द शेवटचा.
एकशे चाळीस शेतकऱ्यांची सहकारी डेअरी.
'आणि त्या मसुराच्या पिंपाखाली मोरी आहे.'

तीन वर्षं मी इथली लादी पुसतेय.
मोरी नाही, म्हटलं.
'आहे.'

गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.
आम्ही दोघांनी पिंप सरकवलं. त्याचा गुडघा वाजला.
खाली लोखंडी जाळी, ताटाएवढी,
भोकाभोकांतून अडकलेले मसूर.
त्यानं बुटाच्या टोकानं जाळी दाबून पाहिली,
हलत नाही म्हटल्यावर पाय काढून घेतला.
काही बोलला नाही.
पिंप परत मी एकटीनं सरकवलं,
तोवर तो काजूच्या चीजची किंमत वाचून
शिट्टी वाजवत होता, हलकीशी.
तरी दोन घेतले.

चणे, मसूर, पापुद्रे, टेंपर, दोन डबे दूध.
सभासद क्रमांक?
'एकशे बारा,' तो म्हणाला,
विचार न करता, श्वास सोडावा तसा.
पडद्यावर नाव आलं मॅरिबेल ओकॅम्पो,
ती मशरूम पिकवते, नदीपलीकडे, तळघरात.
मी त्याला काही सांगितलं नाही.
सूट दिली. मॅरिबेलच्या खात्यावर
चणे चढले, वर्षअखेरीस तिला लाभांश थोडा जास्त मिळेल,
कदाचित ती विचारायलाही येईल.
येऊ दे.

दारापर्यंत जाऊन तो परत फिरला.
खोकं कमरेवर टेकवलं.
'हे ओटचं,' त्यानं विचारलं, 'कॉफीत फाटतं का?'
कधी कधी फाटतं, म्हटलं. कॉफी आंबूस असेल तर.
'फाटतं ना?
मग ठीक.'