वजाबाकी

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर
दस्तगीर शिकलगारनं मला काट्यावर उभं केलं.
"दोन ढेपा, बाई, वर एक किलो."
हमाल हसले. मी वहीत मांडलं: एकसष्ट.
मग तंबू, साडेतीन. पाण्याचा कॅन, दहा.
स्टोव्ह, भाकरी, खर्डा, भडंगाची पुडी.
खुंट्या त्यानं परत काढून ठेवल्या,
"सड्यावर खुंटी शिरत नाही, बाई. दोर पुरे."

आठवीत ह्याला मी गणितात नापास केलं होतं.
वजाबाकीत हातचा घ्यायचा, आणि विसरायचा.
आता उद्यमनगरात त्याचं लेथ आहे,
शेडमागं ताडपत्रीखाली
सात वर्षं खपून जुळवलेलं दोन खुर्च्यांचं विमान:
कापडी पंख, फुगरे टायर,
आणि परवान्यांची फाईल, माझ्या उशीपेक्षा जाड.

कागलच्या माळावरून उठलो.
खाली ऊस, पुन्हा ऊस,
मधेच नदी, कुणीतरी सोडून दिलेल्या नाडीसारखी.
"वारा कुठनं?" मी इंजिनावर ओरडले.
त्यानं बोटानं गुऱ्हाळांचे धूर दाखवले,
सगळे एकाच अंगाला कललेले,
प्रार्थनेला डुलक्या घेणारी रांग असावी तसे.

गगनबावड्याच्या अलीकडचा सडा
आम्ही मागच्या रविवारी पायी मोजला होता.
दोनशे चाळीस पावलं.
दगड वेचले, एका बिळाभोवती चुना टाकला,
करवंदीला माझा जुना रुमाल बांधला.
तो अजून तिथंच फडफडत होता.
तीनदा आपटलो. तिसऱ्यांदा राहिलो.
इंजिन बंद झाल्यावर
कान बराच वेळ उडतच होते.

म्हशी घेऊन धुळू झोरे आला.
विमानाभोवती एक फेरा घातला, शेपटाशी थांबला.
"ह्याला वैरण काय?"
"पेट्रोल."
"आन् दूध?"
दस्तगीर गप्प.
"मग पाळलंय कशाला?"
ह्याचं उत्तर आमच्या दोघांकडंही नव्हतं.
जाताना तोच म्हणाला,
"तोंड उगवतीला करा त्याचं. रातचं वारं तिकडनं येतंय."
आम्ही शेपूट उचलून तोंड फिरवलं.

रात्री वारं तिकडनंच आलं.
दोन दोर कातळाला, तिसऱ्याला दगड पुरेना,
म्हणून तो मी मनगटाला गुंडाळून बसले.
पंख उचलायचा, दोर ताणायचा, पुन्हा सैल.
मोठं जनावर झोपेत उसासे टाकतं तसं.
कड्याखाली कोकणातले चार-दोन दिवे.
दस्तगीर घोरत होता.
एकसष्ट किलोंचा असा उपयोग
आजवर कुणी केला नव्हता.

पहाटे वारं मेलं.
रुमाल करवंदीवर ओल्या बोळ्यासारखा.
पंखांवर दव, बोटानं निपटावं एवढं.
दस्तगीरनं वही मागितली.
पाणी वजा. स्टोव्ह वजा. तंबू वजा.
हातचा घेतला, विसरला नाही.
पेन्सिल खाली सरकत एका आकड्याशी आली
आणि तिथं नुसतीच टेकून राहिली.
मी माझी पिशवी खुर्चीवरून उतरवली.
"बरोबर आहे," म्हटलं, आणि खाली सही केली.

एकशे नव्वदाव्या पावलाला चाकं सुटली.
कड्यापलीकडं विमान खाली गेलं, दिसेना.
धुळू मोजत होता की देव आठवत होता, कळलं नाही.
मग खूप लांब, वेगळ्याच ठिकाणी, वर निघालं.
"गेलं की," तो म्हणाला,
आणि स्टोव्ह डोक्यावर घेऊन वाट दाखवायला पुढं झाला.

एसटीत कंडक्टरनं गाठोडं पायानं ढोसलं.
"काय हाय यात?"
"तंबू."
"मंडपवाल्या व्हय?"
मी हो म्हटलं, लगेजचे पैसे दिले.
तळहातावर दोराचा वळ.
कळ्याच्या पुढं एका गुऱ्हाळाचा धूर
सरळ, काठीसारखा, वर चढत होता.
मी पुन्हा मांडून पाहिलं.
दोनशे चाळीस पुरले नसते.