कट्ट्यामागे एकदा

पंचवीस विड्यांचा एक कट्टा.
कट्टा बांधला की मी उठते.
एवढंच.

दवाखान्यातल्या मॅडमनी बरंच लिहून दिलं होतं:
अर्धा तास चाला, फळं खा, ताण घेऊ नका.
तो कागद घडी करून
तंबाखूच्या डब्याखाली सारला.
डबा डुगडुगायचा, तो थांबला.
मग एका रात्री वाटलं,
पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापतो तसं
ह्यातलं आपल्या मापाचं कापून बघावं,
उरलेलं झाडून टाकावं.

चालायला जाऊ कुठे?
विडी घरकुलात दुपारी
सावलीसुद्धा भिंतीला पाठ लावून बसते.
पण उठता तर येतं.
सूप मांडीवरून उतरवायचं,
गुडघ्यांना काय बोलायचं ते बोलू द्यायचं,
उंबऱ्यात उभं राहून टाचा उचलायच्या,
नळाच्या पलीकडचा लिंब बघायचा
पान न् पान वेगळं दिसेस्तोवर.
हातातल्या विडीपेक्षा लांबचं काही
ह्या डोळ्यांनी कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं.

हजार विड्या, चाळीस कट्टे,
चाळीस वेळा उंबरा.
मोजते तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
आईने तसंच शिकवलं.
मजुरी मात्र मराठीत मोजायची,
कारण चेकर छाट काढतो ती मराठीत.

समोरची इरव्वा हसायची.
"काय करलालीस गे, कोण यायलालंय का?"
येणार कोण!
म्हटलं, पाय जाग्यावर आहेत का बघायलालेय.

भाकरीआधी हात साबणाने, कोपरापर्यंत, दोनदा.
पाणी चार दिवसांनी येतं,
तरी ह्यात काटकसर नाही.
एवढं करूनही पहिल्या भाकरीला
तंबाखूचा वास येतोच.
ती माझी.

नवऱ्याचं नाव मी आता खुशाल घेते,
नरसय्या! नरसय्या!
तीसबत्तीस वर्षं चादरी विणल्या त्यांनी.
कारखाना बंद पडला,
कानातला माग अजून चालू आहे,
हळू हाक मारली तर पोचत नाही.
त्यांचं मीठ कमी करायचं होतं.
सांगून झालं, ओरडून झालं,
गल्लीला कळलं, त्यांना नाही.
शेवटी शेंगाचटणीचा मोठा चमचा हरवला म्हणून सांगितलं,
औषधाच्या बाटलीबरोबर आलेला ठेवला बरणीत.
हरवलेला चमचा पिठाच्या डब्यात आहे, तळाशी.
रोज पीठ तेच काढून देतात.
एक शब्द बोलले नाहीत.

सगळे दिवस काही सारखे नसतात.
परवा पानच वाईट निघालं,
जाळीदार, हात लावला की फाटायचं.
सहा कट्टे छाटात गेले.
ते भरून द्यायला रात्री अकरापर्यंत बसले,
एकदासुद्धा उठले नाही.
लिंब तिथेच असेल, म्हटलं.
जेवताना चटणी दोनदा वाढून घेतली,
दोघांनीही.
झोपताना पिंढऱ्या दगड झालेल्या,
आणि मनात उगाच,
गेलं सगळं, आता कशाला.

छाट निघाली म्हणून
सगळी टोपली कुणी ओतून देत नाही,
हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत आहे.
पण त्या रात्री आठवलं नाही.

सकाळी बसले ती मान खाली घालूनच.
तिसरा कट्टा झाला असेल, चौथा,
मोजत नव्हते.
समोरून हाक आली,
गल्लीतली कुत्री उठतील एवढी:
"उठ की गे!
मी दोनदा उठून आले,
तुझा उंबरा रिकामाच.
लिंबाला मोहोर आलाय, बघितलीस का?"

बघितला नव्हता.
सूप उतरवलं.