साडेसहा फूट

आंबा घाटातल्या तिसऱ्या वळणावर
श्रीतेजला पहिली उलटी झाली
आणि मागच्या घरातली स्टीलची भांडी
एकदम बोलायला लागली.

मागचं घर म्हणजे
नवऱ्यानं इचलकरंजीच्या शेडमध्ये
आठ महिने वेल्डिंग करून उभं केलेलं,
बोलेरोच्या शेपटाला आकड्यानं अडकवलेलं,
चौदा फूट लांब, साडेसहा रुंद.
दोन बाकं, एक शेगडी, एक खिडकी
भंगारातल्या एसटीची, वर-खाली सरकणारी.
सासूबाई त्याला डबा म्हणतात, मुलं बंगला.
मी काहीच म्हणत नाही, हप्ता मी भरते.

गुडघे बदलल्यापासून सासूबाई
कुणाकडे राहायला जात नाहीत. खाली बसता येत नाही.
डब्यात कमोड आहे.
खरं तर आधी कमोड आला,
डबा मग त्याच्याभोवती बांधला.

साखरपा, पाली, हातखंबा.
चहाला थांबलो की कुणीतरी दार वाजवायचं:
आईस्क्रीम आहे का?
रक्तदानाचं आहे का?
एक म्हातारी तर आधार कार्ड काढून
पायरीशी उभीच राहिली.
नवरा तिला चहा पाजून आला.

जयगडच्या जेटीवर फेरीबोटवाला
दरपत्रकावर बोट फिरवत राहिला.
ट्रक नाही, टेम्पो नाही, ट्रॉलीही नाही.
शेवटी पावतीवर लिहिलं 'इतर'
आणि तीनशे घेतले.
खाडीत सासूबाई आतच बसून राहिल्या,
खिडकी वर सरकवून, पदर सांभाळत,
नणंदेकडे निघालेल्या, बारा वर्षांनी.

नरवणला वाडीत वळायच्या जागी
दोन गडगे समोरासमोर येतात.
मध्ये सहा फूट.
डावा गडगा भिवाकाकांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा,
उजवा जगूदादाचा.
सख्खे चुलत भाऊ. एकोणीस वर्षं बोलणं नाही,
ह्याच वाटेच्या वीतभर जागेवरून.
तारखा अजून पडतात.

आत्या तांब्या घेऊन धावत आली.
भाकरतुकडा कुणाकुणावरून ओवाळायचा कळेना,
म्हणून टायरावरूनही ओवाळला.
मग तिला उमगलं.
"घर असताना गाडीत निजणार?
वाडी काय म्हणंल आम्हाला?"
नवरा आकड्याकडे बघत राहिला, मी चपलांकडे.
सासूबाईंनी खिडकीतून वाकून
तिच्या कानात काहीतरी सांगितलं.
आत्या जरा वेळ गप्प.
मग नवऱ्याकडे न वळताच म्हणाली,
"काढा ओ तो गडगा."

भिवाकाका हलले नाहीत.
पलीकडून जगूदादानं, कुणाकडेही न बघता,
आपल्या गडग्याचा वरचा दगड उचलला,
खाली ठेवला. मग दुसरा.
तेव्हा काकांनी लुंगी खोचली.

कोरडा रचलेला जांभा, हात लाल होत गेले.
दोघं पाठीला पाठ लावून वाकलेले,
मुलं दगड मोजतायत, आणि वाडी कुंपणाला.
"इंचू," जगूदादा म्हणाला.
काकांनी पाय उचलला.
एकोणीस वर्षांत एवढाच शब्द,
तोही विंचवाच्या निमित्तानं.

त्या रात्री आम्ही सगळे घरात निजलो,
पडवीत, डासांत.
डब्यात सासूबाई आणि आत्या, एकेका बाकावर.
खिडकी वर जायची, खाली यायची,
वर जायची, खाली यायची.
हसत होत्या की रडत होत्या,
फणसाखाली नीट ऐकू आलं नाही,
आणि उठून जाऊन बघणं बरं दिसलं नसतं.

परवा आत्याचा फोन आला.
दगड अजून तसेच पडलेत.
दोघंही बांधू म्हणतात,
पण आधी हात कोण लावणार?
जगूदादाची पाडी त्या खिंडारातून येते,
काकांच्या पावट्यात शिरते,
त्यावरून आता रोज भांडण.
"रोज?" मी विचारलं.
"रोज गो," आत्या म्हणाली,
"अगदी तोंड भरून."